वर्गखोलीतील ग्रीष्म : विद्यार्थ्यांची ऋतुचर्या आणि वैद्यांचे कर्तव्य

ग्रीष्म ऋतुचर्येत आचार्यांनी मध्याह्नी शीतगृहात विश्रांती सांगितली आहे. दिवास्वाप एरवी निषिद्ध असूनही याच ऋतूत त्यास अनुमती दिली आहे. आपल्या गावातील विद्यार्थी मात्र त्याच मध्याह्नी पत्र्याच्या छपराखाली, चाळीस-पन्नास सहाध्यायांसह, अंगाला चिकटलेल्या गणवेशात बसलेला असतो. शीतगृह त्याच्या वाट्याला येणार नाही आणि वातानुकूलन यंत्र बसविण्याची बहुसंख्य शाळांची आर्थिक क्षमता नाही. अशा स्थितीत शास्त्रातील तत्त्वे वर्गखोलीपर्यंत कशी न्यावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

ऋतुविचार

शास्त्रोक्त मासगणनेनुसार ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म होय. परंतु महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भ, खानदेश व मराठवाड्यात, ग्रीष्माची लक्षणे फाल्गुन-चैत्रातच दिसू लागतात. नेमका हाच काळ वार्षिक परीक्षांचा असतो. २०२५ साली राज्यात वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि शाळा सकाळच्या सत्रात भरविण्याचे निर्देश शासनास द्यावे लागले. म्हणून ऋतू पंचांगाने नव्हे, तर लक्षणांनी ओळखावा.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. मार्चमध्ये दुपारी ग्रीष्म असला, तरी पहाटे वसंत संपलेला नसतो. बाल्यावस्था स्वभावतः कफप्रधान असते. उन्हातून आलेल्या मुलास बर्फाचे पाणी दिल्यास तृष्णा क्षणभर शमते, परंतु प्रतिश्याय व कास मागे लागतात. शीत-उष्णाचे क्रमाविना सेवन हे स्वेदवह स्रोतसाच्या दुष्टीचे एक कारण म्हणून सांगितलेच आहे. माठातील पाण्याची शीतलता पुरेशी आहे, बर्फ नको.

शिवाय आदानकालाच्या अंती बल सर्वांत क्षीण असते व वाताचा संचय सुरू होतो. या काळात कवायत, मैदानावरील परिपाठ आणि शिक्षा म्हणून उन्हात उभे करणे या गोष्टी पूर्णतः वर्ज्य कराव्यात, असे मुख्याध्यापकांस स्पष्ट शब्दांत सांगण्यास वैद्याने संकोच करू नये.

देशविचार : खोली थंड कशी राहील?

सर्वत्र एकच उपाय चालत नाही, हे देशविचार जाणणाऱ्या वैद्यास सांगावयास नको. हवामान खातेदेखील उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश सेल्सिअस कमाल तापमान (व सरासरीपेक्षा ठरावीक वाढ) विचारात घेते.

अकोला, चंद्रपूर, नागपूर येथील हवा उष्ण व रूक्ष असते. येथे पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते. म्हणून खिडकीला वाळ्याचे ताटे किंवा गोणपाटाचा ओला पडदा लावल्यास येणारा वारा खरोखर थंड होतो. पडदा वाऱ्याच्या दिशेच्या खिडकीस लावावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, अन्यथा खोलीत केवळ दमटपणा साठतो. कोकणात व गोव्यात आनूप देश आहे. हवा आधीच ओलसर असल्याने घाम सुकत नाही. तेथे ओले पडदे निरुपयोगी होत. तेथे वाऱ्याचा मार्ग मोकळा ठेवणे, बाके भिंतीपासून दूर घेणे व पंखे चालू राहतील हे पाहणे हाच उपाय.

पंख्याविषयीही विवेक हवा. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर कोरड्या अंगावरचा पंखा उष्ण वाराच फेकतो. अशा वेळी चेहरा, मान व हात ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसावे.

दोन्ही प्रदेशांस लागू पडणारा उपाय छपराचा आहे. पत्रा तापून खाली उष्णता सोडतो. छपरावर बाहेरून चुन्याचा अथवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिल्यास ऊन परावर्तित होते. अहमदाबाद शहराने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे त्यात अशा शीत छपरांचाही समावेश झाला. चुना, डिंक आणि दोन मजूर एवढ्यात एका शाळेचे काम होते.

वेगावरोध : तृष्णा आणि मूत्र

आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. न वेगान्धारणीय अध्यायात सांगितलेल्या तेरा वेगांत तृष्णा व मूत्र यांचा समावेश होतो. वर्गखोलीत नेमके हेच दोन वेग रोखले जातात. तास चालू असताना पाणी पिण्यास उठणे बेशिस्त मानले जाते. तृष्णानिग्रहाने कंठ व मुख यांचा शोष, श्रम, अवसाद आणि हृदयप्रदेशी पीडा होते, असे शास्त्र सांगते. तिसऱ्या तासानंतर मुले पेंगतात. शिक्षक त्यास आळस समजतात. वैद्याने त्यात अवसाद ओळखावा.

मुलींची स्थिती अधिक बिकट आहे. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ, पाण्याविना किंवा कुलूपबंद असल्याने अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. येथे तृष्णा आणि मूत्र हे दोन्ही वेग एकदम रोखले जातात. मूत्रवेगधारणाने बस्ती व मेहन यांत शूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल व वंक्षणात आनाह होतो. मार्च-एप्रिलमध्ये अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनीस गोक्षुर, पुनर्नवा देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : 'शाळेत पाणी पितेस का?' उत्तर बहुधा मान खाली घालून येते. तिची चिकित्सा चंद्रप्रभेने नव्हे, स्वच्छतागृहाच्या किल्लीने सुरू होते. निदानपरिवर्जन ते हेच.

केरळमधील शाळांत २०१९ साली पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा देण्याची पद्धत चर्चेत आली व अन्य राज्यांनीही तिचे अनुकरण केले. दिवसातून तीनदा घंटा, सर्वांनी एकाच वेळी पाणी पिणे आणि त्यानंतर स्वच्छतागृहास जाण्याची मुभा, एवढे आपल्या गावच्या शाळेत सहज शक्य आहे.

पानकविचार

१. वाळ्याचे पाणी : उकळून थंड केलेले पाणी माठात भरून त्यात धुतलेल्या वाळ्याची जुडी सोडावी. जुडी रोज धुवावी, उन्हात वाळवावी व गंध जाताच बदलावी. पाणी ओगराळ्याने काढावे. पेला माठात बुडवू नये.

२. मंथ : शीतल, शर्करायुक्त मंथ हे ग्रीष्मातील प्रशस्त पान होय. आपल्या घरातील सातूचे पीठ पाण्यात कालवून किंचित साखर घातली की तो सिद्ध होतो. सकाळच्या सत्रात अनेक मुले उपाशीपोटी येतात. त्यांस मंथ तृष्णा आणि क्षुधा या दोन्हींवर उपकारक ठरतो.

३. लाजोदक : साळीच्या लाह्या भिजवून गाळलेले पाणी लघू असून तृष्णा व छर्दी यांत हितकर आहे.

४. पन्हे व कोकम : दोन्ही अम्ल आहेत, हे विसरू नये. उकडलेल्या कैरीचा गर, पुरेसा गूळ, वेलची, किंचित सैंधव असे पन्हे अल्प मात्रेत द्यावे. नासिकागत रक्तस्राव होणाऱ्या मुलास ते टाळावे.

५. ताक : उन्हाळ्यात ताक वाटण्याची प्रथा सर्वत्र आहे, परंतु सुश्रुताचार्यांनी उष्णकाळी तसेच मूर्च्छा, भ्रम, दाह व रक्तपित्त यांत तक्र निषिद्ध मानले आहे. द्यावयाचेच असल्यास ताजे, गोड, भरपूर पाण्याचे, जिरे व साखर घातलेले असावे. आंबट ताक पिऊन मुलास दाह झाल्यास दोष उन्हाचा नव्हे.

षडंगपानीय (मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, उदीच्य, नागर) हे ज्वर व तृष्णा यांतील उत्तम कल्प आहे. ते रुग्णासाठी वापरावे. संपूर्ण वर्गासाठी उशीरसिद्ध जल पुरे.

औषधालयचालकांसाठी

वाळा खरेदी करताना गंध पाहावा. तेल काढून घेतलेली मुळे बाजारात येऊ शकतात. हिरवा रंग व कृत्रिम सुगंध घातलेला साखरेचा पाक म्हणजे उशीरपानक नव्हे. उशीरासव, चंदनासव यांची नावे शीतल वाटली, तरी त्यांत स्वयंजनित मद्यांश असतो. 'मुलांसाठी उन्हाळ्याचे सरबत' म्हणून ती कदापि देऊ नयेत. प्रवाळपिष्टी, मौक्तिकपिष्टी यांचे शाळेत सरसकट वाटप करू नये.

अतिस्वेदाने क्लांत झालेल्या मुलास जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेली ओआरएसची पुडी द्यावी. या सूत्रानुसार एका लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम व ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. तयार गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. जुना माल फळीवर असल्यास काढून टाकावा. ग्रीष्मात लवणवर्जन सांगितले असता हे कसे, अशी शंका काहींस येईल. ते विधान स्वस्थाच्या आहाराविषयी आहे; स्वेदातिप्रवृत्तीने झालेल्या क्षयाची पूर्ती हा चिकित्सेचा विषय आहे.

आत्ययिक अवस्था

साधी क्लांती व उष्माघात यांतील सीमा प्रत्येक शिक्षकास शिकवावी. घाम, थकवा, मळमळ, शिरःशूल असून मूल शुद्धीवर व नीट बोलत असेल, तर सावली, वारा व पेय पुरे. परंतु असंबद्ध बोलणे, झोक जाणे, आक्षेप वा बेशुद्धी दिसली आणि अंग तव्यासारखे तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान बहुधा ४० अंश सेल्सिअस वा अधिक असते. स्वेदवह दुष्टीतील अस्वेद व परिदाह येथे आढळू शकतात. परंतु घाम चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत मुलास सावलीत निजवून, कपडे सैल करून, सर्वांगावर पाणी ओतीत वारा घालावा. मान, काखा व जांघा येथे थंड पट्ट्या ठेवाव्यात. मूर्च्छाचिकित्सेत आचार्यांनी सेक, अवगाह, शीत प्रदेह व पंख्याचा वारा अग्रक्रमाने सांगितले, ते याच हेतूने. बेशुद्ध मुलाच्या मुखात पाणी, कांद्याचा रस वा कोणताही कल्प घालू नये. ज्वरघ्न गोळीही येथे व्यर्थ होय, कारण हा ज्वर नव्हे. या प्रसंगी औषध शोधण्यात गेलेली दहा मिनिटे मुलाच्या जिवावर बेततात.

समारोप

आमची सभासद वैद्यांस विनंती आहे की, प्रत्येकाने होळीपूर्वी आपल्या परिसरातील एका शाळेस भेट द्यावी आणि चार गोष्टी पाहाव्यात : छपरास चुना लागला काय, माठ स्वच्छ व भरलेला आहे काय, पाण्याची घंटा होते काय आणि मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे काय. औषधालयचालकांनी वाळ्याच्या जुड्या व ओआरएसच्या काही पुड्या त्या शाळेस द्याव्यात. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन. ते सिद्ध करण्यास याहून सुलभ स्थान आम्हांस दिसत नाही.