माशाची नजर व आपल्या शेताचा बांध

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते, व काळ नदी पुढें तीस मिळते. या काळ नदीवर वाळणकोंड नांवाचा डोह असून त्यांतील महाशीर जातीचे मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. भाविकांनीं खाद्य टाकतांच ते वर येतात. वाहत्या पाण्यांतील घांस मासा कसा हेरतो, हें जाणणें शेतकरी बंधूंसही उपयोगाचें आहे.

ओढ्या-नदींतील मासा बहुधा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशास राहतो. तेथें ओढ कमी, म्हणून श्रम थोडे. आणि शेजारच्या धारेंतून किडे, अळ्या, उंबराचीं फळें आपोआप वाहत येतात. धार जितकी जलद तितकें खाद्य अधिक. परंतु तें पाहून टिपण्यास अवधि तितकाच थोडा. म्हणून मंद व जलद धारांच्या सीमेवरची जागा माशास सोयीची पडते.

प्रकाशाचे किरण पाण्यांत शिरतांना वांकतात. त्यामुळें माशास बाहेरचें जग डोक्यावरील सुमारें ९७ अंशांच्या गोल खिडकींतूनच दिसतें. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा भासतो. तरंगत्या किड्याच्या पायांनीं त्या आरशांत पडलेले खळगे माशास प्रथम दिसतात. किडा खिडकींत आला म्हणजे पुरता दिसतो. मग मासा वर येऊन त्यास पाण्यासकट तोंडांत ओढतो. काडी निघाल्यास थुंकून टाकतो.

या सर्वांस निवळ पाणी अवश्य आहे. पाणी गढूळ झालें कीं नजरेचा पल्ला आखडतो व जवळून जाणारा घांसही चुकतो. शिवाय गाळ दगडांच्या फटींत बसून किड्यांचीं घरें बुजवितो आणि नदीचें पात्र उथळ करतो. जुलै २०२१ च्या महापुरांत महाड बुडालें, तेव्हां या गाळाची चर्चा घरोघर झाली.

त्या गाळांत आपल्या वरकस जमिनीची मातीही असते. सात-बाराच्या उताऱ्यावर गुंठे तेवढेच राहतात. मातीचा थर मात्र दरसाल उणा होतो. तरी नाचणी-वरीच्या जमिनींत उतारास आडवे बांध घालावे, फुटके बांध मृगापूर्वीं दुरुस्त करावे, आणि कांठावरचीं उंबर, करंज, जांभूळ हीं झाडें राखावीं. पाऊस थांबल्यावर ज्या ओहोळाचें पाणी लवकर निवळतें, त्याच्या वरच्या अंगाचीं शेतें सांभाळलेलीं आहेत, असें बहुधा समजावें.