कारण म्हणून पाऊस लिहू नकोस

चिंचवड

चि. मेधास,


खराडीच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर म्हणून तू रुजू झालीस, हे ताईने फोनवर सांगितले. फार आनंद झाला. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव बघता बघता आयटीवाल्यांचे झाले आणि टॉवर क्रेन अजून तिथे थांबलेल्या नाहीत. हेल्मेट, हार्नेस, जाळ्या हे तू शिकून आली आहेस. अपघात झाल्यावर काय करायचे, याविषयी मात्र मला तुला सांगायचे आहे. आपल्याकडे चौकशी बहुधा दोष द्यायला कुणीतरी सापडला की संपते. कुणी सापडला नाही, तर पाऊस असतोच.

29 जून 2019 ला कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 माणसे गेली. चार दिवसही उलटले नाहीत, तोच आंबेगाव बुद्रुकमध्ये दुसरी भिंत पडली. तिथे 6 मजूर गेले. त्याच रात्री मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात तिसरी भिंत वस्तीवर आली. तिन्हीकडे पाऊस जोराचा होता, हे खरे. पण तो पाऊस हजारो भिंतींवर पडला होता आणि त्या उभ्या राहिल्या. मग विचारायचे ते असे: भिंतीमागे मातीचा भराव किती होता? पाणी निचरायला भिंतीत भोके होती का? पायाला लागून कुणी खोदले होते का? आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी झोपड्या टाकायला जागा कुणी दिली? ‘पाऊस’ लिहिलेस तर यातला एकही प्रश्न विचारला जात नाही आणि पुढच्या जूनमध्ये भिंत तशीच उभी असते.

29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगरून 23 प्रवासी गेले. रेल्वेच्या चौकशीतही मुसळधार पावसाचेच कारण पुढे आले. पुढे काय झाले ते बघ. काही महिन्यांत लष्कराने तिथे नवा पादचारी पूल उभा केला. पाऊस कुणाला थांबवता आला नसता, पूल बांधता आला. ज्यावर उपाय करता येतो, तिथपर्यंत चौकशी पोचली पाहिजे. त्याच्या अलीकडे थांबलेला अहवाल म्हणजे नुसती घटनेची नोंद.

पाऊस नसतानाही लोक जातात. फेब्रुवारी 2022 मध्ये, तुझ्यापासून फार लांब नाही, येरवड्याच्या शास्त्रीनगरात तळघराच्या कामात सळ्यांची जड जाळी रात्री कोसळली आणि 5 मजूर दगावले. अशा वेळी पहिला प्रश्न मजुराला विचारायचा नसतो. जाळीला खालून धरणारे आधार कुणी ठरवले, कुणी तपासले आणि काम सुरू करायला कुणी सांगितले, हे आधी विचारायचे.

आता कामाचे सांगतो. अपघात झाला की आधी जखमी माणूस, मग जागेची सुरक्षा. काम थांबव आणि दोरी बांधून जागा अडव. माणसाला सोडवताना काही हलवावे लागले, तर काय हलवले आणि कुणी हलवले ते लिहून ठेव. फोटो आधी लांबून, मग जवळून काढ. अंतरे फितीने मोज. तुटलेला क्लॅम्प किंवा दोर भंगारात जाऊ देऊ नकोस.

साक्षी त्याच दिवशी घे आणि एकेकट्याची घे. मुकादम शेजारी उभा असेल, तर बिगारी खरे बोलणार नाही. बरेच जण बिहार, उत्तर प्रदेश, बंगालकडचे असतात. त्यांना त्यांच्या भाषेत बोलू दे. ‘तू असे का केलेस’ म्हणून सुरुवात केलीस, तर तो स्वतःला वाचवायला लागेल. ‘सकाळपासून काय काय झाले ते सांग’ असे विचार. लिहिलेले वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नकोस.

‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द कारण म्हणून लिहिण्याआधी पुढे विचारत राहा. लिफ्टच्या डक्टमध्ये कुणी पडला. फळी का नव्हती? सेंटरिंगवाल्याने नेली. त्याने का नेली? त्याला फळ्या कमी पडल्या. कमी का पडल्या? मागणी मंजूर झाली नव्हती. आता तुला काहीतरी बदलता येईल. विमान अपघातांच्या तपासासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत म्हटले आहे की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हाच आहे, दोष वाटून देणे नाही. पोलीस त्यांचे काम करतील, तुझे काम वेगळे आहे.

अहवालात पाहिलेले आणि वाटलेले वेगवेगळे लिही. प्रत्येक शिफारशीपुढे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे असले पाहिजे. ती तारीख आली की स्वतः जाऊन बघ. आणि अहवालाचे सार सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये मजुरांना सांग. फाइलमध्ये पडून राहिलेल्या अहवालाने कुणाचा जीव वाचत नाही.

वरून पडलेला पाना कुणाला लागला नाही, तरी त्याची नोंद घे. पुढच्या वेळी खाली माणूस असेल. गेटवर ‘इतके दिवस अपघातमुक्त’ असा फलक आणि त्यावर बक्षीस असेल, तर सावध राहा. अशा ठिकाणी अपघात कमी होण्याऐवजी लपवले जाण्याची भीती असते. जखम सांगणाऱ्याला कधीही ओरडू नकोस.

आणि दडपण येईल. ‘मॅडम, हे आपापसात मिटवू’ असे कुणीतरी म्हणेलच. गंभीर अपघाताची खबर सरकारी यंत्रणेला देणे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने बंधनकारक केले आणि 2020 च्या सुरक्षा संहितेतही ते बंधन कायम आहे. त्या वेळी डगमगू नकोस. नोकरी दुसरी मिळते. गेलेला माणूस कुणाचा तरी बाप असतो, आणि तो कसा गेला हे खरे लिहिणारी तिथे तू एकटीच असशील. ते खरे लिही आणि जे बदलायला हवे ते बदलेपर्यंत मागे लाग.

तुझा,
मामा