मोटारगाडीतील वायुवीजन झडपेची मोटर : दोषपरीक्षा व घरगुती दुरुस्ती

पावसाळ्यात घाटरस्त्याने जाताना मोटारगाडीची पुढील काच आतून धुरकट होते, हा अनुभव सर्वपरिचित आहे. प्रवाशांच्या श्वासातील व ओल्या कपड्यांतील बाष्प थंड काचेवर दवासारखे जमते आणि समोरचे वळण दिसेनासे होते. अशा वेळी बाहेरची हवा आत घेऊन ती काचेवर सोडणे आवश्यक असते. हे काम करणारी झडप अडकून राहिल्यास आतलीच दमट हवा पुनःपुन्हा फिरत राहते. यास्तव हा दोष केवळ गैरसोयीचा नसून सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

रचना

डॅशबोर्डच्या मागे असलेल्या हवापेटीत सामान्यतः तीन प्रकारच्या झडपा असतात. पहिली बाहेरची अथवा आतली हवा निवडते, दुसरी थंड व उष्ण हवेचे प्रमाण ठरविते आणि तिसरी हवा काच, चेहरा किंवा पाय यांकडे वळविते. जुन्या गाड्यांत या झडपा तारेने ओढल्या जात. आता पुष्कळ गाड्यांत प्रत्येक झडपेला एक लहान विजेची मोटर जोडलेली असते. मोटरचा वेग प्लॅस्टिकच्या दंतचक्रांनी कमी केला जातो व त्यामुळे तिचा जोर वाढतो. पाच तारांच्या नेहमीच्या रचनेत दोन तारा मोटरला वीज पुरवितात, तर उरलेल्या तीन तारा सरकत्या रोधकाच्या द्वारे झडपेची स्थिती नियंत्रकाला कळवितात.

लक्षणे

चावी फिरविताच डॅशबोर्डमागून काही काळ टकटक असा आवाज आला, तर दंतचक्राचे दाते तुटले असण्याचा अथवा झडप अडकली असण्याचा संभव असतो. कोणताही आवाज नसेल व झडप हलत नसेल, तर जोडणी सैल झालेली, गंजलेली किंवा मोटर निकामी झालेली असू शकते. झडप भलत्याच ठिकाणी थांबत असल्यास रोधकाची पट्टी झिजल्याची शंका घ्यावी. पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून बाहेरच्या हवेवरून आतल्या हवेवर बदल करावा. झडप ठीक असल्यास पंख्याचा आवाज बहुधा स्पष्टपणे वाढतो.

परीक्षा

प्रथम गाडी बंद करून बॅटरीच्या ऋण अग्राची जोडणी सोडवावी. त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे, कारण डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असतात. पिवळ्या आवरणाच्या तारांना व जोडण्यांना हात लावू नये. हवा निवडणारी मोटर बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडते. तिची जोडणी व स्क्रू काढून ती अलग करावी आणि झडपेचा दांडा बोटांनी हलक्या हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला तर दोष मोटरकडे आहे. अडला तर वाळलेली पाने, कागद वा कचरा आत गेला आहे काय, हे शोधावे. मोटरचा बाहेरचा दांडा मात्र हाताने जोर लावून फिरवू नये; तसे केल्यास चांगले दातेही तुटतात.

मल्टिमीटरने रोधकाच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. तो स्थिर असला पाहिजे. मधल्या अग्राचा रोध मोटर फिरत असता क्रमाने बदलला पाहिजे. तो मध्येच तुटल्यास पट्टी झिजली आहे असे समजावे. मोटरच्या दोन तारा निश्चितपणे ओळखता आल्यासच त्यांना 9 व्होल्टची लहान बॅटरी क्षणभर लावावी. अग्रे उलटी केल्यास मोटर उलट दिशेने फिरते. पायरीपायरीने फिरणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या मोटरला ही चाचणी लागू नाही.

दुरुस्ती

मोटरचे आवरण उघडण्यापूर्वी दंतचक्रांचा क्रम व खुणा मोबाईलवर टिपून घ्याव्यात. धूळ व जुने ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. इतर काही ग्रीस प्लॅस्टिकला अपायकारक ठरतात. तुटलेला दाता चिकटविल्याने तो फार काळ टिकत नाही. त्यासाठी नवे दंतचक्र किंवा मूळ मोटरवरील क्रमांकाशी जुळणारी नवी मोटर घ्यावी. ती झडपेवर पक्की बसविल्यावरच बॅटरी जोडून चावी फिरवावी. काही गाड्यांत नियंत्रक झडप दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तिच्या मर्यादा स्वतःच नोंदवितो; काहींत त्यासाठी कार्यशाळेतील उपकरण लागते.

सुटा भाग लगेच न मिळाल्यास झडप हाताने बाहेरच्या हवेच्या स्थितीत आणून बांधून ठेवावी. त्यामुळे वातानुकूलनाचा गारवा थोडा कमी होईल, परंतु काच स्वच्छ राखणे सुलभ होईल. झडपच मोडली असेल अथवा मोटरपर्यंत पोहोचण्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागत असेल, तर ते काम जाणत्या कारागिराकडे सोपविणे इष्ट होय. ही तपासणी पावसाळ्यापूर्वीच उरकून घ्यावी.