अभ्यासलेख : न सांगितलेले उपकार

आपली मोठ्या वर्गांतील बरीच मुले-मुली इंग्रजी कादंबऱ्या आवडीने वाचतात. वाचलेल्या पुस्तकाविषयी मराठीतून विचार करता यावा, या हेतूने या अंकात आपण हॉली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची ‘द डार्केस्ट पार्ट ऑफ द फॉरेस्ट’ (२०१५) ही कादंबरी अभ्यासू. (कथेतील काही रहस्ये पुढे उघड होतील.)

प्रकार : आजीच्या गोष्टीत जादू ‘फार वर्षांपूर्वी’ घडते. ‘अर्बन फँटसी’ या प्रकारात ती आजच्या वस्तीत, शाळा, मोटारी आणि मोबाईल यांच्या सोबतीने वावरते. या कादंबरीतले फेअरफोल्ड हे अमेरिकेतील काल्पनिक गाव तसे लहानच. पण तेथे माणसे आणि रानातील परीलोक शेजारी-शेजारी राहतात.

कथानक : रानात काचेच्या पेटीत शिंगे असलेला एक राजपुत्र पिढ्यान्‌पिढ्या झोपलेला आहे. हेझल आणि तिचा भाऊ बेन या दोघांचेही लहानपणापासून त्याच्यावर प्रेम. एके दिवशी पेटी फुटते, राजपुत्र जागा होतो आणि गावावर संकट येते. पुढे बेन आणि राजपुत्र सेव्हरिन, तसेच हेझल आणि परीलोकात जन्मलेला, पण माणसांत वाढलेला जॅक, अशा दोन प्रेमकथा फुलतात.

भावंडे : कादंबरीचा खरा गाभा मात्र भावा-बहिणीत आहे. लहानपणी दोघे मिळून दुष्ट पऱ्यांशी लढत : तिच्या हाती तलवार, त्याच्याकडे मंतरलेले संगीत. बेनला संगीत शिकता यावे म्हणून हेझल परीराजाला आपल्या आयुष्याची सात वर्षे देऊ करते. पण भावाला सांगत नाही. इकडे बेनला आपल्याच संगीताच्या ताकदीची भीती वाटू लागते. तो स्वतःचा हात जायबंदी करून घेतो. खरे कारण तोही बहिणीला सांगत नाही. एकाने दिलेले दान दुसऱ्याने नकळत मोडून टाकले! दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, तरी अंतर वाढतच जाते.

येथे लेखिकेची जादू नीट पाहावी. परीराजा सात वर्षे घेतो ती हेझलच्या रात्रींमधून. रात्री ती त्याची सैनिक असते आणि सकाळी तिला काहीच आठवत नाही. गुपिते बाळगणाऱ्या माणसाचे असेच दोन तुकडे होतात, हे जादूमुळे डोळ्यांना दिसते. दुसरी गंमत अशी की, दोघेही मनातले सारे त्या झोपलेल्या राजपुत्राला सांगत आणि तो ते ऐकत असे. परक्याला जे कळले, ते सख्ख्या भावंडाला कळले नाही.

आपल्याकडे घरासाठी मूकपणे सोसणाऱ्याचे कौतुक होते. ते योग्यही आहे. पण ज्याच्यासाठी सोसले त्याला पत्ताच नसेल, तर त्याला ना आभार मानता येतात, ना ‘हे नको’ म्हणता येते. त्याग करावा, पण त्याविषयी बोलावेही, असे ही कादंबरी आपल्याला सुचवते.

स्वाध्याय
१. हेझलने बेनला वेळीच सांगितले असते, तर कथा कोठे वळली असती?
२. जॅक आणि त्याचा मानवी भाऊ कार्टर एकाच आईकडे वाढले. त्यांच्या नात्याची हेझल-बेनच्या नात्याशी तुलना करा.
३. आपल्या भावाला किंवा बहिणीला सांगायची राहून गेलेली एक गोष्ट दहा ओळींत लिहा. वहीत दाखवू नका. ज्याची त्याला वाचून दाखवा.