एका घंटीचे मोल : अनोळखी मिस्ड कॉलपासून सावधगिरी

मोबाईल दूरध्वनी खेड्यापाड्यांत पोहोचला, त्याबरोबर एक नवा संकेतही रुजला. एक घंटी वाजवून फोन बंद करावयाचा व समोरच्याने काय ते समजून घ्यावयाचे. मुलगा परगावी सुखरूप पोहोचला, शेतावरील पंप सुरू करावयाचा आहे, दुधाची गाडी निघाली, असे किती तरी निरोप या एका घंटीने दिले जातात. १ मे २००३ पासून देशात येणाऱ्या फोनचे मूल्य ग्राहकास द्यावे लागत नाही. खर्चाचा भार फोन करणाऱ्यावर आल्याने मिस्ड कॉलचा हा काटकसरीचा मार्ग अधिकच रूढ झाला. खात्यातील शिल्लक कळविण्यासाठी अनेक बँकांनीही तो स्वीकारला. मिस्ड कॉल आला की परत फोन करणे हा आता साधा शिष्टाचार मानला जातो. या शिष्टाचाराचाच गैरफायदा घेणारी एक फसवणूक जगभर चालते. तिचे स्वरूप प्रत्येक ग्रामस्थास समजणे अगत्याचे आहे.

फसवणुकीचे स्वरूप

या प्रकाराला ‘वान्गिरी’ असे जपानी नाव आहे. त्याचा अर्थ ‘एक घंटी आणि तोडणे’ असा होतो. संगणकाच्या साहाय्याने एकाच वेळी हजारो क्रमांक फिरविले जातात. घंटी एकदा वाजते आणि कोणी फोन उचलण्यापूर्वीच तो तोडला जातो. फोन उचलला न गेल्याने फसविणाऱ्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. हजारांतील काही थोड्यांनी जरी कुतूहलाने वा काळजीने परत फोन केला, तरी त्याचा हेतू साध्य होतो.

परत केलेला फोन परदेशातील महागड्या दराच्या क्रमांकावर जातो. अशा फोनसाठी ग्राहकाची दूरसंचार कंपनी परदेशातील कंपन्यांना मिनिटाच्या हिशेबाने मोबदला देते. त्या मोबदल्यातील वाटा क्रमांक चालविणाऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच ग्राहक जितका वेळ फोनवर थांबेल, तितका त्यांचा लाभ अधिक. त्यासाठी संगीत, ‘कृपया थांबा’ अशी सूचना किंवा घंटी वाजत असल्याचा खोटा आवाज ऐकविला जातो. पलीकडून कोणी फोन उचललेलाच नाही असे ऐकणाऱ्यास वाटते, पण आकारणी केव्हाच सुरू झालेली असते.

मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने आपल्या नागरिकांना अशाच फोनविषयी सावध केले होते. पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानिया देशाचा २२२ हा संकेतांक असलेले हे फोन मध्यरात्री येत. अपरात्री फोन वाजला म्हणजे घरात कोणाचे काही बरेवाईट झाले असावे, या स्वाभाविक भीतीचा तो उपयोग होता.

क्रमांक कसा वाचावा

या फसवणुकीवरील पहिला उपाय अगदी साधा आहे, तो म्हणजे क्रमांक नीट वाचणे. भारताचा संकेतांक ९१ आहे. अधिक चिन्हानंतर ९१ सोडून दुसरे अंक असतील, अथवा परत फिरविताना आरंभी ०० लावावे लागत असेल, तर तो क्रमांक परदेशाचा समजावा.

आपल्याकडे येथे एक विशेष घोटाळा संभवतो. नाशिकचा दूरध्वनी संकेतांक ०२५३ आहे, तर अधिक चिन्हासह २५३ हा आफ्रिकेतील जिबूतीचा संकेतांक आहे. त्याचप्रमाणे कोल्हापूरचा ०२३१ आणि लायबेरियाचा २३१, सांगलीचा ०२३३ आणि घानाचा २३३, जळगावचा ०२५७ आणि बुरुंडीचा २५७ हे अंक सारखेच दिसतात. त्या देशांतून येणारा प्रत्येक फोन फसवा असतो असे नव्हे. परंतु घाईत पाहणाऱ्यास तो जिल्ह्याच्या ठिकाणचा वाटू शकतो. आरंभी शून्य आहे की अधिक चिन्ह, एवढे पाहण्याची सवय लागली तरी हा धोका टळतो.

ज्यांचे आप्त आखाती देशांत वा अमेरिकेत आहेत, त्यांनी त्यांचे क्रमांक नावासह नोंदवून ठेवावेत. १ हा संकेतांक केवळ अमेरिकेचा नाही. जमैका व डॉमिनिकन प्रजासत्ताक यांसारख्या कॅरिबियन देशांचे क्रमांकही १ नेच सुरू होतात.

काही गैरसमज

असा फोन केल्यास तीन सेकंदांत बँकेची सर्व माहिती चोरली जाते, असे संदेश वारंवार फिरतात. ते खरे नव्हेत. केवळ परत फोन केल्याने बँकेचे तपशील पलीकडे जात नाहीत. हानी होते ती फोनच्या आकारणीची. मात्र बोलण्याच्या ओघात कोणी गुप्त संकेतांक वा ओटीपी विचारला, तर तो कदापि सांगू नये.

अमर्याद बोलण्याच्या योजनेत परदेशी फोनही विनामूल्य असतात, हाही भ्रमच होय. सर्वसाधारणपणे त्यांची आकारणी वेगळी होते. प्रीपेड ग्राहकाची हानी शिलकीपुरती मर्यादित राहते. पोस्टपेड ग्राहकाला मात्र ती देयक हाती आल्यावरच कळते.

शासकीय उपाययोजना

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली कंपन्यांना निर्देश दिले, की प्रीपेड ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय आयएसडी सुविधा सुरू ठेवू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने परदेशातून येऊन भारतीय क्रमांक दाखविणारे फोन रोखणारी यंत्रणा कार्यान्वित केली. परंतु जो फोन उघडपणे परदेशी क्रमांकावरून येतो, त्याला परत फोन करावा की नाही, हे अखेर ग्राहकालाच ठरवावे लागते.

संशयास्पद फोनची माहिती ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेद्वारे देता येते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. फोनची आकारणी झाली असल्यास क्रमांक, दिनांक व वेळ लिहून ठेवून कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवावी व तिचा नोंदणी क्रमांक घ्यावा. तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

गावपातळीवरील कार्य

ज्या कार्यालयांतून परदेशी फोन करण्याचे प्रयोजन नाही, तेथील दूरध्वनीवरील आयएसडी सुविधा बंद करून घ्यावी. त्या देयकाचा पैसा जनतेचा असतो. शिक्षकांना भूगोलाच्या तासाला देशांचे संकेतांक नकाशावर दाखविता येतील. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आजीआजोबांच्या फोनमध्ये नातलगांचे क्रमांक नावासह नोंदवून द्यावेत, एवढा गृहपाठही पुष्कळ उपयोगी पडेल. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती सांगावी आणि सूचनाफलकावर पुढील तीन वाक्ये लिहावीत : अधिक चिन्हानंतर ९१ नसेल तर थांबा. ओळख पटल्याखेरीज परत फोन करू नका. खरे काम असेल तर तो माणूस पुन्हा फोन करील.

मिस्ड कॉलचा संकेत गरजेतून व परस्परविश्वासातून निर्माण झाला आहे. तो टाकून देण्याचे कारण नाही. ज्याचा महिन्याचा रिचार्जही जुळवाजुळव करून होतो, त्याची शिल्लक एका अनोळखी घंटीपायी जाऊ नये, इतकीच दक्षता हवी. त्यासाठी क्षणभर थांबून क्रमांक वाचणे पुरेसे आहे.