हाताला कळते ते वहीत कसे आणावे?



कारखान्याची मालमत्ता मोजायला बसलो की आपण जमीन, इमारती, मिल, बॉयलर, गोदामातील साखर हे सारे मोजतो. ताळेबंदात त्याची पै न् पै नोंदलेली असते. पण एक मालमत्ता अशी आहे, की ती कोणत्याच ताळेबंदात येत नाही आणि एके दिवशी हारतुरे घेऊन फाटकाबाहेर निघून जाते. ती म्हणजे तीस-पस्तीस हंगाम काम केलेल्या कामगाराचे ज्ञान. हे ज्ञान संस्थेत कसे राखावे, याची एक साधी पद्धत आज समजून घेऊ.

पॅनवर काय घडते?

शुद्ध केलेला रस आटून पाक तयार झाला, की तो व्हॅक्यूम पॅनमध्ये शिजवतात. पॅनमध्ये दाब कमी ठेवल्यामुळे पाक कमी तापमानाला उकळतो व साखर करपत नाही. साखरेचा दाणा येथेच धरतो आणि वाढतो. पॅनमन मधून मधून नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडात धरतो, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घेऊन त्याची तार पाहतो. मग ठरवतो, की पाक आणखी घ्यायचा, वाफ कमी करायची, की थोडे पाणी द्यायचे.

यात चूक झाली तर? पाक प्रमाणाबाहेर घट्ट झाला, तर चांगल्या दाण्यांच्या जोडीला नको असलेला बारीक दाणा नव्याने धरतो. त्याला 'फॉल्स ग्रेन' म्हणतात. असा माल सेंट्रिफ्युगल मशीनवर नीट निथळत नाही. बारीक दाणा जाळीतून मळीबरोबर निघून जातो, किंवा धुण्यासाठी जास्त पाणी मारावे लागते व तयार साखरच पुन्हा विरघळते.

पॅन चालवण्याचे शास्त्र शिकवणारी कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेसारखी ठिकाणे आहेत. पॅनवर आता मोजमापाची यंत्रेही आली आहेत. पण आपल्याच कारखान्यातला एखादा पॅन कधी अडतो, तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस गव्हाणीत आला की पाक कसा वागतो, हे पुस्तकात सापडत नाही. विचारावे तर जुना पॅनमन हसून म्हणतो, "हाताला कळतं साहेब, सांगता येत नाही."

सभासदाचा यात संबंध काय?

उतारा शेतात पिकतो. कारखान्यात तो फक्त राखायचा असतो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यासाठी ३ रुपये ४६ पैसे जादा धरले. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. आता हिशेब बघा. ५ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ०.१ टक्का उतारा घटला, तर ५,००० क्विंटल साखर कमी भरते. सारी घट पॅनवरच होते असे नाही, पण पॅनवर गमावलेली साखर शेवटी आपल्याच बिलातून जाते.

सुरुवात कोणापासून करावी?

सगळ्यांचे सगळे लिहून घेऊ म्हटले, तर काहीच लिहून होत नाही. येथे अमेरिकेतील टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेचा अनुभव उपयोगी पडतो. धरणे व वीजकेंद्रे चालवणारी ही संस्था १९३३ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडील दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये तिच्याच धर्तीवर उभे राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, आपली जुनी माणसे मोठ्या संख्येने निवृत्त होणार हे ओळखून, तिने प्रत्येक जागेला दोन प्रकारचे गुण द्यायला सुरुवात केली.

पहिला गुण निवृत्तीचा. एक-दोन वर्षांत जाणाऱ्यास ५, सहा किंवा अधिक वर्षे असणाऱ्यास १. दुसरा गुण कामाच्या अवघडपणाचा. ज्ञान एकाकडेच आहे, कोठे लिहिलेले नाही आणि नवा माणूस तयार व्हायला तीन ते पाच वर्षे लागतील, तर ५. काम कोणालाही चटकन शिकता येत असेल, तर १. दोन्हींचा गुणाकार करायचा. २० किंवा त्याहून जास्त आले, की काम ताबडतोब हाती घ्यायचे.

समजा, आपला पॅनमन पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे. त्याचे ५ गुणिले ५, म्हणजे २५. त्याच वर्षी जाणाऱ्या एखाद्या लिपिकाचे काम दुसऱ्यांनाही येते, म्हणून ५ गुणिले २, म्हणजे १०. मिलवरच्या फिटरला अजून चार वर्षे आहेत, पण काम अवघड; ३ गुणिले ५, म्हणजे १५. आता क्रम आपोआप लागला.

यानंतर ती संस्था तीन प्रश्न विचारते. कोणते ज्ञान जाणार? ते गेले तर काय बिघडेल? आता काय करायचे? तिसऱ्याचे उत्तर दर वेळी 'लिहून घ्या' असेच नसते. कधी हाताखाली माणूस द्यावा लागतो, कधी निवृत्ताला काही काळ सल्ल्यासाठी बोलवावे लागते. कधी यंत्र दुरुस्त केले, की त्या खुबीची गरजच उरत नाही.

कसे विचारावे?

"तुमचं काम सांगा" असे विचारले, तर उत्तर दोन ओळींत संपते. म्हणून प्रसंग धरून विचारावे :

१. गेल्या हंगामात पॅन कधी बिघडला? सर्वांत आधी काय दिसले?

२. तेव्हा काय केले, आणि काय मुद्दाम केले नाही?

३. नवखा माणूस येथे कोणती चूक करील?

४. चालू पाळीत कोणाला विचारता? कोणता आवाज ऐकता?

हे प्रश्न ऑफिसात नव्हे, पॅनजवळ उभे राहून विचारावेत. मोबाइलवर आवाज व चित्र घ्यावे. मग उत्तरे कामगाराच्याच शब्दांत वहीत उतरवावीत आणि त्याला वाचून दाखवावीत. नमुन्याची तार किती असावी हे शब्दांत येणार नाही. तेवढ्यासाठी नवा मुलगा निदान एक हंगाम त्याच्या शेजारी उभा राहिलाच पाहिजे. मुलाने पॅन चालवायचा, जुन्याने फक्त बघायचे, अशा काही पाळ्या झाल्या म्हणजे शिक्षण पुरे झाले की नाही ते कळते.

एक अडचण

जुन्या माणसाच्या मनात येते, "सगळं सांगून टाकलं तर मला कोण विचारणार?" ही शंका खोटी नाही. तिला उत्तर वागण्यातून द्यावे लागते. शिकवण्याचे काम हे काम म्हणून मोजावे, त्याचा मोबदला द्यावा, वहीवर त्याचे नाव घालावे. सांगितलेल्या जुन्या चुकीबद्दल कोणालाही मेमो देऊ नये. एकदा जरी असे घडले, तरी पुढे कोणी तोंड उघडणार नाही.

शेतकी खात्यातील चिटबॉय, बॉयलरवरचा फायरमन, रस शुद्धीकरणावर चुना सोडणारा, या सर्वांना हीच रीत लागू आहे. गाळप संपून दुरुस्तीची कामे निघाली, की मिल उघडून तपासतो, तशीच ही गुणांची यादीही खातेप्रमुखांनी करावी. प्रसंग आठवणीत ताजे असतात, तोवरच प्रश्न विचारावेत. आणि सभासदांनी वार्षिक सभेत इतर प्रश्नांबरोबर हाही विचारावा : यंदा कोण कोण निवृत्त होत आहे, आणि त्यांच्या शेजारी कोण उभा आहे?