महारोहिणीच्या भित्तीचा वेध

हृदयातून निघून सर्व शरीरास रक्त पुरविणाऱ्या मुख्य वाहिनीस महारोहिणी म्हणतात. उदरात तिचा व्यास साधारणतः २ सेंटिमीटर असतो. काही व्यक्तींत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या वृद्ध पुरुषांत, तिची भित्ती दुर्बल होऊन फुगू लागते. हा व्यास ३ सेंटिमीटर वा अधिक झाला म्हणजे त्यास उदरीय महारोहिणी-विस्फार म्हणतात. तो बहुधा वेदना देत नाही; परंतु फुटल्यास प्राणघातक ठरतो. थोर भौतिकीविद आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा १८ एप्रिल १९५५ रोजी याच विकाराने अंत झाला.

नळीतील दाब तोच राहून व्यास वाढला, तर भित्तीवरील ताणही वाढतो. म्हणूनच श्राव्यातीत ध्वनीच्या साह्याने व्यास वेळोवेळी मोजतात, आणि पुरुषांत तो ५.५ सेंटिमीटर झाला की शस्त्रक्रियेचा विचार करतात. तथापि काही लहान विस्फार फुटतात, तर काही मोठे वर्षानुवर्षे टिकतात. व्यासावरून भित्तीचा आकार कळतो. तिच्या आत चाललेली झीज कळत नाही.

ही झीज पाहण्याचा मार्ग म्हणजे रेणवीय प्रतिमांकन. यात विशिष्ट ठिकाणीच जाऊन चिकटणारा पदार्थ शरीरात सोडून त्याचा माग काढतात. उदाहरणार्थ, किरणोत्सर्गी फ्ल्युओरीन-१८ असलेले सोडियम फ्ल्युओराइड शिरेतून देतात. भित्तीत नव्याने साचणाऱ्या कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांना फ्ल्युओराइड चिकटते. फ्ल्युओरीन-१८ मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीची यंत्रे ते टिपून उगमस्थान निश्चित करतात. सुमारे ११० मिनिटांत या द्रव्याची किरणोत्सर्गिता निम्मी होते.

स्कॉटलंडमधील संशोधकांनी २०१८ साली ७२ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांचे तीन गट केले असता, ज्या गटात हे द्रव्य सर्वाधिक साचले त्यातील विस्फार, सर्वांत कमी साचलेल्या गटाच्या मानाने सुमारे अडीच पट वेगाने वाढले.

दुसऱ्या पद्धतीत लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण देतात. दाह झालेल्या भागातील भक्षक पेशी ते गिळतात व चुंबकीय प्रतिमेत तो भाग उठून दिसतो. ३४२ रुग्णांवरील २०१७ सालच्या अभ्यासात असे विस्फार अधिक वेगाने वाढताना आढळले. मात्र व्यास व धूम्रपान आधीच ठाऊक असता या चाचणीने भाकितात विशेष भर पडली नाही.

सारांश, व्यास हेच आजही वैद्याचे मुख्य माप आहे. नवे तंत्र खरे उपयोगी ठरावयाचे, तर त्या मापाने न कळणारे काही त्याने सांगितले पाहिजे. हीच त्याची कसोटी होय.